स्वतःकडे बघायचं, पण कुणासमोर?

प्रिय छोटी,

सलाम. आई-पप्पांनाही माझा सलाम सांग. मी बरी आहे, काम नेहमीसारखं चालू आहे, तब्येतीची काळजी करू नका.

तुझी व्हॉइस नोट ऐकली आणि रात्री परत एकदा ऐकली. फोन केला असता तर तू दोन मिनिटांत विषय बदलला असतास, म्हणून लिहायलाच बसले. तू विचारलंस, 'ताई, मी चर्चमध्येच वाढले, रोज शास्त्र वाचते, संडे स्कूलच्या मुलांना शिकवते, आणि तरी माझा राग तसाच आहे, हेवा तसाच आहे. स्वतःकडे बघायला लागलं की नुसता वीट येतो. मग हे आत्मपरीक्षण करायचं तरी कशासाठी?' आणि शेवटी घाईघाईत म्हणालीस, 'जाऊ दे, तू कामात असशील.' अगं, हा प्रश्न माझाही आहे. इथे आल्यापासून तो माझ्या उशाशी आहे.

घरी असताना आपण कोण, हे न विचारताच दहा जण सांगत असतात. अमक्यांची मुलगी, तमकीची बहीण, क्वायरमधली, अभ्यासात हुशार. परक्या देशात यातलं काहीच कुणाला माहीत नसतं. सुरुवातीला मला त्याचं फार मोकळं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की माझा बराचसा चांगुलपणा बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर उभा होता. उपासनेला गेले नाही तर कुणी विचारणार नाही, प्रार्थना केली नाही तर कुणाला कळणार नाही, तेव्हा आपल्यात भक्ती किती उरते ते दिसतं. ते बघून मीही तुझ्यासारखीच स्वतःला कोसत बसायचे.

वाट सापडली ती यहूदा आणि पेत्र या येशूच्या दोन शिष्यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचताना. यहूदाला आपण खलनायक ठरवून मोकळे होतो, त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २७व्या अध्यायाची सुरुवात नीट वाचायची राहून जाते. तिथे यहूदाला पस्तावा होतो. येशूला धरून देण्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी तो परत घेऊन जातो आणि सरळ सांगतो की मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. सबब सांगत नाही, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. आत्मपरीक्षण म्हणून बघितलंस तर त्यात काय कमी आहे? पण ते घेऊन तो गेला कुणाकडे? ज्यांचं त्याच्याशी काम संपलं होतं, त्या मुख्य याजकांकडे. ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. छोटी, हे वाक्य मला फार भयंकर वाटतं. माणूस स्वतःबद्दलचं सगळं खरं हातात घेऊन उभा आहे, आणि त्याला सांगितलं जातंय की हे तुझं तुझ्याजवळच ठेव.

तू जे व्हिडिओ बघतेस त्यांतही मला कधी कधी तेच वाक्य गोड आवाजात ऐकू येतं. तुझ्यात सगळं आहे, तूच तुला सावर. त्यांत उपयोगाचं काहीच नसतं असं मी म्हणणार नाही; वेळेवर झोपायची आणि सकाळी उठल्या उठल्या मोबाइल न बघायची सवय मी तशाच ठिकाणी शिकले. पण ज्या रात्री स्वतःचीच लाज वाटत असते, त्या रात्री मलाच माझ्या हवाली करून कसं भागेल?

आता पेत्र बघ. येशूला पकडलं त्याच रात्री, आधी, तो छाती ठोकून म्हणाला होता की बाकीचे सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. काही तासांत, अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना, तीनदा म्हणाला की मी त्याला ओळखत नाही. यानंतरची एक बारीक गोष्ट फक्त लूक नोंदवतो. कोंबडा आरवला आणि प्रभू येशूने वळून पेत्राकडे बघितलं. पेत्राला आपण कोण आहोत हे कळलं ते त्या नजरेसमोर. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण ती नजर त्याच्यापासून फिरली नव्हती.

पुढे, येशू मरणातून उठल्यावर, योहानाच्या शुभवर्तमानातल्या २१व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राकाठी, पहाटेच्या वेळी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. योहानाने तो सहज म्हणून लिहिला असेल असं मला वाटत नाही. प्रभू सगळ्यांना जेवू घालतो आणि मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? पहिल्या वेळी 'यांच्यापेक्षा अधिक' असंही विचारतो. पेत्राचं उत्तर सावकाश वाच. 'यांच्यापेक्षा अधिक' याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. त्या रात्री स्वतःला सगळ्यांच्या वर ठेवणारा हाच माणूस. तिसऱ्या वेळी त्याला वाईट वाटतं, आणि तो म्हणतो, प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. आता मी सुधारलोय अशी ग्वाही तो देत नाही, आणि मी वाईटच आहे म्हणून रडगाणंही गात नाही. जो त्याला ओळखतो त्याच्याकडे बोट दाखवून थांबतो. मग प्रभू मागचा हिशेब न काढता त्याला काम देतो, माझी मेंढरं सांभाळ म्हणून.

माझ्या मते ख्रिस्ती आत्मपरीक्षण म्हणजे एवढंच. आधी स्वतःला पूर्ण ओळखा, मग सुधारा, आणि मग देवापुढे या, असा क्रम आपण मनात धरून बसतो, आणि त्यातच दमतो. १३९वं स्तोत्र तू तोंडपाठ म्हणतेस, त्याची सुरुवात आणि शेवट जोडून बघ. सुरुवातीला स्तोत्रकर्ता म्हणतो की हे प्रभू, तू मला पारखलं आहेस, मला ओळखलं आहेस. आणि शेवटी तोच म्हणतो की माझी झडती घे, माझं हृदय जाण. ज्याने आधीच ओळखलंय त्यालाच तो झडतीचं आमंत्रण देतो. त्या आमंत्रणाच्या अगदी आधीच्या ओळींत काय आहे माहीत आहे? शत्रूंविषयी जळजळीत द्वेष. संडे स्कूलमध्ये आपण त्या ओळी गाळतो. पण तो द्वेष तोंडातून बाहेर पडल्यावरच बहुतेक त्याला आपली झडती घ्यावी असं वाटलं असणार. तुझा राग तुला प्रार्थनेच्या बाहेर ठेवायचा नाहीये, एवढं जरी यातून घेतलंस तरी पुष्कळ झालं.

पंडिता रमाबाईंचं पप्पा सांगायचे ते आठवतं? इंग्लंडमध्ये वाँटेजला १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, बरोबर लहानगी मनोरमा होती. मायदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी शारदा सदन सुरू केलं. विद्वत्ता होती, सेवा होती, नाव होतं. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. ते बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी उमगलं. इतक्या मोठ्या बाईने हे जगासमोर सांगितलं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. चर्चमध्ये वाढूनही आपल्याला काहीतरी मिळालेलं नाही असं तुला वाटतंय, तर ती घसरण आहे असं धरून चालू नकोस. कदाचित ती सुरुवात असेल.

आता तू विचारशील, 'ते सगळं खरं, पण रोज करायचं काय?' मला इथे एका वयस्कर बाईंनी एक पद्धत शिकवली, ती इग्नेशियस लोयोला यांची. कॅथलिक संत म्हणून आपल्या घरी त्यांचं नाव फारसं निघालं नाही. ते स्पेनमधले सरदार घराण्यातले. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणावर पडले. शौर्याच्या कथा वाचायला मागितल्या, तर घरात त्या नव्हत्या. मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघायचे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना गोडच वाटायची, पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्यांनंतर आनंद टिकून राहायचा. हा फरक त्यांच्या लक्षात आला, आणि पुढची सगळी शिकवण त्यातून उभी राहिली. विचार आला तेव्हा कसं वाटलं यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून गेला, हे बघायचं.

रात्रीची त्यांची पद्धत साधी आहे. आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग प्रभूसोबत सकाळपासूनचा दिवस परत बघायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी साहाय्य. आभार आधी, हे सोडू नकोस. तू झडतीपासून सुरुवात करतेस म्हणूनच तुला वीट येतो, असा माझा अंदाज आहे.

परवाचंच सांगते. आमच्या टीममधल्या एका मुलीचं सगळ्यांसमोर कौतुक झालं. मीही टाळ्या वाजवल्या, मला वाटलं मनापासून. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पलंगाच्या कडेवर बसले आणि दिवस परत बघायला लागले. तेव्हा आठवलं की जेवणाच्या सुट्टीत मी एकटी बसून जुन्या ईमेल चाळत होते, ज्यांत कधीकाळी कुणी मला शाबासकी दिली होती त्या. दुपारी हे का करतेय ते मला कळलंसुद्धा नव्हतं. पूर्वी मी स्वतःवर हेवेखोर असा शिक्का मारून झोपले असते. या वेळी विचारलं, प्रभू, याच्या खाली काय आहे? खाली भीती निघाली, की या देशात मी आहे काय आणि नाही काय, कुणाला फरक पडणार नाही. ती भीती होती तशी त्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचं काम उघडून बघितलं. खरंच सुरेख केलं होतं, आणि ते तिला सांगताना मला जड गेलं नाही.

तू म्हणालीस ना, 'लोक मला शांत समजतात आणि आतली मी वेगळीच आहे, म्हणजे मी ढोंगी आहे का?' जर्मनीतले पाळक डीट्रिख बोन्होफर हिटलरच्या तुरुंगात होते, तेव्हा १९४४ साली त्यांनी एक कविता लिहिली. पहारेकऱ्यांना ते धीराचे, प्रसन्न दिसत, आणि आत मात्र बेचैन, थकलेले, प्रार्थनेलाही रिते झालेले असत. यातला खरा मी कोणता, हाच कवितेतला प्रश्न. त्याचा निकाल त्यांनी स्वतः लावला नाही. मी जो कुणी असेन तो, देवा, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे, असं म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला त्यांना फाशी दिली गेली. इतक्या खऱ्या माणसालाही हा प्रश्न पडला होता, तर तुला पडला म्हणून तू ढोंगी ठरत नाहीस. ढोंगी माणसाला असा प्रश्न झोपू देत नाही असं कुठे होतं?

आणि बदल दिसत नाही म्हणून घाबरू नकोस. समुद्राकाठच्या त्या सकाळीच, काम मिळून क्षणभर झालं नाही तोवर, पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो, 'प्रभू, ह्याचं काय?' तुलना परत आलीच. त्यानंतर पेन्टेकॉस्टचा, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस झाला, कर्नेल्य या यहुदी नसलेल्या अधिकाऱ्याच्या घरी देव पक्षपात करत नाही हे त्याला स्वतःला उमगलं. आणि तरीही अंत्युखिया शहरात लोक काय म्हणतील या भीतीने तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, त्याच्याच गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. भीती तीच, अंगणातल्या रात्रीची. पण माणूस तोच राहिला नव्हता, कारण तो आता त्या नजरेपासून पळत नव्हता.

पौलावरून आठवलं. हे सगळं एकटीने करू नकोस. दावीद राजाला स्वतःचं पाप दिसलं नाही, ते दाखवायला नाथान संदेष्ट्याला यावं लागलं. आपल्याला खरं सांगेल आणि सांगून सोडून जाणार नाही, असं एक माणूस तुझ्याजवळ हवं. पाळकबाईंशी तुझं जमतं, त्यांना एकदा विचारून बघ. आणि वीट येणं वाढतच गेलं, झोप-भूक जायला लागली, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस. त्याने विश्वास कमी होत नाही.

आईला सांग, माझ्यासाठी प्रार्थना करतेस तेव्हा नोकरी आणि तब्येत मागतेस ते माग, पण त्यात आणखी एक घाल. मला चटकन लागतं आणि ते मी दिवसचे दिवस मनात धरते, त्यातून मला सोडव म्हणून माग. पप्पांनी ते कधीच ओळखलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

रविवारी तुझ्या वर्गात पेत्राची गोष्ट घेणार असशील तर मुलांना विचार, प्रभूने वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा कसा असेल. ती काय म्हणतात ते मला लिहून कळव, व्हॉइस नोट नको.

तुझी,
ताई