कॅम्परव्हॅनचे भाडे म्हणजे सहलीचा खर्च नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली की हॉटेल आणि गाडी हे दोन्ही खर्च वाचतात, असा सल्ला हल्ली सहलींविषयीच्या लेखांतून वारंवार दिला जातो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे दक्षिण बेटावर 14 दिवस असेच फिरून आलो. पुकाकी तलावाच्या काठी उजाडताना समोर आओराकीचे हिमशिखर दिसले, तो आनंद आम्ही कधीच विसरणार नाही. पण घरी मांडलेला हिशेब मात्र क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेतानाच कोलमडला, आणि इतरांचा तसा कोलमडू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भाड्यात विमा धरलेला असतो हे खरे, परंतु नुकसान झाल्यास पहिले काही हजार डॉलर आपल्याला सोसावे लागतात आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर आधीच अडकवून ठेवली जाते. आमच्याबाबतीत ती 7,500 न्यूझीलंड डॉलर, म्हणजे पावणेचार लाख रुपयांच्या घरात होती, आणि माझ्या कार्डाची मर्यादा 3 लाखांची. परिणामी ही जबाबदारी कमी करणारे जादा संरक्षण दिवसाला 50 डॉलर दराने तिथल्या तिथे घ्यावे लागले आणि सुमारे 35 हजार रुपये अनपेक्षितपणे गेले. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच भाडेकराराच्या अटी वाचून बँकेकडून मर्यादा वाढवून घेतली असती, तर हा प्रसंग आला नसता. परदेशी व्यवहारावर आपली बँक आकारते ते शुल्कही याच वेळी विचारून घ्यावे.

दुसरी बाब डिझेलची. तिथे डिझेलच्या दरात रस्त्याचा कर नसतो. तो किलोमीटरच्या हिशेबाने वेगळा द्यावा लागतो आणि बहुतेकदा गाडी परत करताना वसूल होतो. सुमारे 2,200 किलोमीटरसाठी आम्ही 180 डॉलरच्या आसपास भरले. भाड्याची तुलना करताना हा आकडा कुठेच दिसत नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मुक्कामाच्या जागांबाबतचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. रस्त्याकडेला कुठेही गाडी उभी करून फुकट झोपता येते, असे नाही. 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वाहनात कायमचे बसवलेले शौचालय असल्याशिवाय ‘स्वयंपूर्ण’ असा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याविना चुकीच्या जागी मुक्काम केल्यास शेकडो डॉलरचा दंड होतो. तिथल्या सरकारी निसर्ग-संवर्धन विभागाचे मुक्कामाचे तळ साधे, सुंदर आणि स्वस्त आहेत, मात्र त्यांचे शुल्क गाडीमागे नसून माणशी असते. वीजजोडणी देणाऱ्या खासगी तळांवरही जाहीर दर बहुधा दोघांचा असतो, हे चौघांच्या कुटुंबाने ध्यानात ठेवावे.

ऋतूची निवड मात्र आमच्या पथ्यावर पडली. डिसेंबर-जानेवारी हा तिथला उन्हाळा, त्यामुळे भाडी कडाडलेली असतात; मे महिन्यात थंडी पडू लागते आणि दिवस लहान होतात; दिवाळीत मात्र वसंत असतो. वाहने डावीकडूनच चालतात, ही आपल्या चालकांची मोठी सोय. आरटीओकडून 1,000 रुपयांत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा. खाद्यपदार्थ, वापरलेला तंबू आणि पायताणे विमानतळावर न चुकता घोषित करावीत. लपवलेल्या वा विसरलेल्या एका पुडीसाठीही 400 डॉलर दंड आहे.

आपल्या पुरवणीत अशा सहलींविषयी लिहिताना खर्च चौघांच्या कुटुंबासाठी, रुपयांत आणि गाडी परत करेपर्यंतचा धरून द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. अशा सहलीसाठी अनेक घरांत वर्षानुवर्षे पैसे बाजूला ठेवले जातात.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक