पाडव्याला मी गप्प का बसले

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला तू रागावून गेलीस, तो राग अजून फोनवर ऐकू येतो. 'जेवलीस का' विचारलं की 'हो' म्हणतेस आणि पुढे काही नाही. मला समोरासमोर बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. स्टुडिओत माइकपुढे एकटी असते तेव्हाच काय ते सुचतं. म्हणून हे लिहितेय.

त्या दिवशी तू आपल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर, केंद्र चालवणाऱ्या सरांपुढे आठवड्याला अर्ध्या तासाच्या बातम्यांचा प्रस्ताव ठेवलास. छापलेला, पाच पानांचा. ते म्हणाले, "बातम्या? केंद्र बंद करायचंय का?" तू १९९५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढलास. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, वगैरे. सर म्हणाले, "लहरी जनतेच्या असतील, परवानगी सरकारची आहे." मग तू म्हणालीस की हा रेडिओ नाही, भजनं आणि पाककृतींचा लाउडस्पीकर आहे. पाककृती मी सांगते, मुक्ता. दर मंगळवारी, नऊ वर्षं. पण तेही जाऊ दे. तुला लागलं ते माझं गप्प बसणं. "आई, तू तरी बोलायचंस," एवढंच बोलून तू एस.टी.त बसलीस.

गप्प बसले कारण सरांचं अर्धं बरोबर होतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी भीत होते. कुठलं अर्धं कुठलं, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडून परवानगीच्या कराराची फाईल मागून घेतली. नऊ वर्षांत कुणी मागितली नव्हती म्हणे. इंग्रजी आहे, दोन रात्री लागल्या. बातम्या आणि चालू घडामोडींना बंदी आहे, हे खरंच. पहिल्या चुकीला एक महिन्यापर्यंत प्रसारण बंद, दुसऱ्याला तीन महिन्यांपर्यंत, पुढे परवानगीच रद्द. आपल्याकडे चार माणसांचे पगार त्या खोलीतून निघतात. सर घाबरट आहेत असं तू म्हणालीस, पण महिनाभर बंद पडलेलं केंद्र परत उभं करायला काय लागतं ते त्यांना माहीत आहे.

तू अमेरिकेचं उदाहरण दिलंस. बर्कलीचं केपीएफए हे रेडिओ केंद्र १९४९ पासून चालू आहे, 'डेमोक्रसी नाऊ' हा कार्यक्रम १९९६ पासून अशा केंद्रांवरून रोज बातम्या देतं. ठीक. पण तिथल्या केंद्राला पटवायचं म्हणजे केंद्राला पटवायचं. इथे केंद्रामागे दिल्ली उभी आहे. त्यापेक्षा नेपाळ मला जवळचं वाटलं. काठमांडूचं रेडिओ सगरमाथा १९९७ ला सुरू झालं आणि तिकडे गावोगावची केंद्रं बातम्या देऊ लागली. फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्रने सत्ता हातात घेतली आणि एफएमवर बातम्या बंद केल्या, तर काहींनी बातम्या गाऊन दाखवल्या म्हणे! वाचायला बंदी, गायला नाही. मला ते वाचून हसू आलं आणि तिथेच डोक्यात काहीतरी हललं. बंदीचा नेमका शब्द कुठे संपतो ते बघायला हवं.

तर तो शब्द असा संपतो. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावता येते, किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून, अर्थ न बदलता. त्याशिवाय हवामान, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, सण-उत्सव, आणि वीज, पाणी, आरोग्य, नैसर्गिक आपत्ती याबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना, हे सगळं बातमीत धरतच नाहीत. म्हणजे कुंपण आहे, पण आपण म्हणतो त्यापेक्षा बरंच लांब आहे. आपण नऊ वर्षं अंगणाच्याही बाहेर पडलो नव्हतो. कारण कायदा नव्हेच गं. ज्या कचेऱ्यांबद्दल बोलायचं, त्यांच्याच मोहिमांच्या जाहिरातींवर केंद्र चालतं. हे कुणी तोंडाने म्हणत नाही. 'नियमात बसत नाही' म्हणणं सोपं पडतं. मीही तेच म्हणत होते.

मी सरांना पहिल्यांदा मागितलं ते अगदी बारीक. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लागणाऱ्या पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या तांड्यावरच्या बायकांना नीट कळत नाहीत, त्या गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, सांगू या. नाही म्हणायला जागाच नव्हती. आता तांड्यावरची बारावी झालेली एक मुलगी रोज साडेआठला वाचते. आमच्या आईकडे रेडिओवर बातम्या देणाऱ्या सुधा नरवण्यांचा आवाज आला की घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही. या पोरीच्या वेळेला तांड्यावर तसंच होतं, मी जाऊन पाहिलं. आपल्या रेडिओवरची पहिली बातमी मराठीत नव्हती, हे मला फार आवडलं.

मग टँकर. पंचायत समितीत गेले आणि म्हटलं, कुठल्या वाडीला किती खेपा मंजूर आहेत ते लेखी द्या, आम्ही सांगू. त्यांनी आनंदाने दिलं. त्यांना वाटलं प्रसिद्धी होतेय. रोज संध्याकाळी मी वाडीचं नाव आणि खेपा वाचते. एक शब्द जास्त नाही. आठवडाभरात फोन यायला लागले. "काकी, तुम्ही दोन म्हणालात, आमच्याकडे एकच आला." मुक्ता, मला घाम फुटला. हा फोन लावायचा का? सर म्हणाले, नाही, ही तक्रार झाली, उद्या कुणी म्हणेल बातमी झाली. मी ऐकलं. पण यादी वाचायची थांबवली नाही. दोन म्हटल्यावर ज्यांच्या हौदात एकच खेप पडली त्यांना बातमी कळलेलीच असते, ती मी सांगायची गरज नव्हती.

तरी मला चैन पडेना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि नाव माझंच घातलं, केंद्राचं नाही. मार्चमधल्या मंजूर खेपा आणि लॉगबुकप्रमाणे झालेल्या खेपा, वाडीवार. तीस दिवसांची मुदत त्यांनी पुरती वापरली, पण उत्तर आलं. दोन रकाने. एक भरलेला, दुसरा काही वाड्यांपुढे निम्माच. खाली जन माहिती अधिकाऱ्याची सही आणि शिक्का.

तो कागद मी सरांपुढे ठेवला आणि म्हटलं, "पाण्याविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती आपल्याला सांगता येते ना? ही त्यांनीच दिलीय. सहीनिशी." सरांनी कागद उलटापालटा करून पाहिला. फाईल मागवली, ते कलम बोट ठेवून वाचलं. हे कलम सूचनांसाठी आहे, असल्या हिशेबासाठी नाही, असं कुणी म्हणू शकेल हे मलाही दिसतं. सरांनाही दिसलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "पण ताई, वाचणार कोण?"

मी म्हटलं, मी.

प्रश्न 'वाचायचं का' वरून 'वाचायचं कुणी' वर आला, ते तुझ्या पाच पानांनी झालं नसतं. रागावू नकोस, पण तुझ्या पानांत लोकशाही अकरा वेळा होती आणि टँकर एकदाही नव्हता. मी मोजलं. सरांना तत्त्व पटवायला गेलं की ते सावध होतात, आणि कागद दिला की वाचतात. बहुतेक माणसं तशीच असतात, मी धरून.

तू म्हणशील ही तडजोड आहे. आहेच. सरपंच काय म्हणाले, निवडणुकीत काय झालं, टँकरचं कंत्राट कुणाच्या मेहुण्याकडे, यातलं काही मला सांगता येणार नाही. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा चालतो, त्याला चालतं, आणि आपल्या पन्नास वॅटच्या, दहाएक किलोमीटर पोचणाऱ्या रेडिओला नाही, यातला शहाणपणा मला कळलेला नाही. 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ साली याच बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, ते तूच सांगितलंस. ती लढाई तुम्ही लढा, मी सही लागेल तिथे करीन. पण ती संपेपर्यंत वाडीवरचा हौद कोरडा ठेवून मला बसवत नाही.

कार्यक्रमाचं नाव मी 'पाणी आलं का?' असं ठेवलंय. आठवड्याला पंधरा मिनिटं. त्यात 'बातमी' हा शब्द कुठेही येणार नाही. पाच जूनला केंद्राच्या समितीची बैठक आहे, विषयपत्रिकेवर चौथा मुद्दा. सर बाजूने बोलतील असं वाटतं, जाहिरातींचा मुद्दा कुणीतरी काढेलच. तो मी आधीच काढणार आहे, म्हणजे कुजबुज व्हायला नको.

आता तुझं काम. एक, रेशन दुकानाबद्दल असाच अर्ज लिहून पाठव. अंत्योदयला महिन्याला ३५ किलो आणि बाकीच्यांना माणशी पाच हे मला पाठ आहे, पण दुकानाला आलेलं धान्य आणि वाटलेलं धान्य हे दोन रकाने नेमके कुठल्या शब्दांत मागायचे ते तुला जमेल. दोन, प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं, आपला कॉम्प्युटर भरलाय, येताना एक हार्ड डिस्क आण. पैसे देते.

आणि बैठकीला येऊ नकोस. तू असलीस की ते तुलाच उत्तरं देतात, माझ्याकडे कुणी बघत नाही. सहा तारखेला ये. कैऱ्या उतरवून ठेवल्यात, लोणचं तू आल्यावर घालू.

तुझी
आई