पुण्याला जात नाही, त्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

पुण्याच्या नोकरीला मी नकार कळवला. कोल्हापुरातच राहतेय, ज्युनियर कॉलेजची नोकरी घेतली आणि राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाबा, फोनवर तुम्ही काहीच बोलला नाहीत, आईकडे फोन देऊन टाकलात, म्हणून सविस्तर लिहितेय.

पगार कमी आहे, हे खरं. पण घरी येणाऱ्या पैशांत एक रुपयाही कमी होणार नाही, तो हिशेब आधी केला, मगच होकार दिला. आणि पुण्याहून कोडोलीला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. इथून रात्री फोन आला तरी मी तासाभरात पोचेन. आई, तुला दादाच्या वेळचं आठवत असणार. हे तसं नाही गं. मी कुठे निघून जात नाहीये.

खरं कारण आमचा मुलींचा बायबल स्टडी. कॉलेजातल्या गटाचं दुखणं असं की तीन वर्षांत सगळ्या पास होऊन निघून जातात. नव्या मुलींना सांभाळेल असं कुणी उरत नाही आणि चांगला चाललेला गट बंद पडतो. बाबा, तुम्हीच सांगायचात की 1954 साली यूईएसआय ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना सुरू झाली तेव्हापासून रीत हीच, गट विद्यार्थ्यांनी चालवायचा आणि पदवीधरांनी पाठीशी उभं राहायचं. आता पदवीधर मी आहे.

जागेचाही प्रश्न होता. हॉस्टेलवर बाहेरच्या मुलींना वर सोडत नाहीत, शुक्रवारी देवळाच्या हॉलमध्ये गायनाचा सराव असतो. रंकाळ्यावर बसायचो, पण अंधार पडला की मुलींना परत सोडायची काळजी. आता माझ्या खोलीत जमतो. मार्कचं शुभवर्तमान घेतलंय. आधी ज्याने-त्याने मनात वाचायचं, मग काय लिहिलंय, त्याचा अर्थ काय आणि या आठवड्यात आपण काय करायचं, एवढंच बोलायचं. कुणी प्रवचन देत नाही. जालन्याची एक मुलगी पहिले कित्येक शुक्रवार गप्प बसून होती. वडील गेल्याचं तिने वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्यात पहिल्यांदा बोलली. त्या दिवशी अध्याय पुढे गेलाच नाही, आम्ही तिच्याभोवती बसून राहिलो. अशा पोरीला रविवारच्या गर्दीत कोण विचारणार, सांगा.

म्हणून मंडळीपासून वेगळं काही काढतोय असं समजू नका. पाळकसाहेबांना विचारूनच सगळं चाललंय, रविवारी आम्ही सगळ्या उपासनेला असतो. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, 46वं वचन काढून बघा, तिथे मंदिरही आहे आणि घरंही आहेत. आणि रॉबर्ट वाइल्डरची गोष्ट संडे स्कूलमध्ये मला कुणी सांगितली? 1863 साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेलं ते पोरगं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकायला गेलं, तर कॉलेजातले मित्र त्याच्या आईवडिलांच्या तिथल्या घरी जमायचे आणि त्याची बहीण ग्रेस दुसऱ्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. 1886 साली माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी मिशनसेवेला तयार झाले, त्यामागे त्या घरातल्या बैठका होत्या. मला तर दोनच खोल्या द्यायच्या आहेत.

घर चांगलं आहे. पाणी सकाळी येतं, टाकी मोठी आहे, कोपऱ्यावर दूध मिळतं. मालकीणबाई खालीच राहतात. शुक्रवारी मुली वाचायला, प्रार्थनेला येतात हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. गाणी हळू म्हणा आणि चपला जिन्यात नीट लावा, एवढंच म्हणाल्या. आत्या काय म्हणेल याची चिंता करू नका, तिला मी स्वतः भेटून सांगेन.

आई, आपल्या पडवीत बायकांची प्रार्थनासभा भरायची तेव्हा मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायचे. तू गायला लागलीस की तुझा आवाज माझ्या कानाखाली घुमायचा. मला कितीतरी गाणी अशी झोपेतच पाठ झाली. परवा त्यातलं एक म्हटलं, तर मिरजेच्या मुलीलाही येत होतं. तुझी फार आठवण आली.

आता ऐका. बाबा, सकाळची गोळी नाश्त्याआधीची आहे, चहा-बटर खाऊन मग आठवली असं चालणार नाही. देवळाची किल्ली द्यायला रात्री गाडी काढायची नाही, कुणालातरी घरी येऊन न्यायला सांगा. आई, तू इतकी वर्षं मिशन हॉस्पिटलात दुसऱ्यांचं बीपी तपासलंस, आता स्वतःचं तपास आणि आकडा वहीत लिही. मी आल्यावर वही बघणार आहे.

शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय. सोबत दोघी मुली असतील, त्यांना कोडोली बघायची आहे. स्वयंपाक मी आल्यावर करेन, तू आधीपासून चुलीपाशी बसू नकोस. बाबा, मोतीबिंदूचे कागद काढून ठेवा, सोमवारी डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.

तुमची,
सोनू