दीड वर्ष ढिम्म नव्हते बसले

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला रशियाच्या सोयुझ अंतराळयानावरचा लेख वाचला. एप्रिल १९६७ ला सोयुझ १ मध्ये गेलेल्या अंतराळवीर कोमारोव्हच्या मृत्यूचा भाग चांगला जमलाय, पण पुढे 'त्यानंतर दीड वर्ष रशिया ढिम्म बसून राहिला' हे वाचून डोकंच फिरलं. ढिम्म? ऑक्टोबर १९६७ मध्ये कॉसमॉस १८६ आणि १८८ माणसाशिवाय वर गेली आणि आपोआप एकमेकांना जोडली गेली, जगात पहिल्यांदा. ती सोयुझच होती, नाव फक्त कॉसमॉस, म्हणजे बिघडलं तर बाहेर कळायला नको. आणि बिघडलंच, परतताना १८८ भरकटलं तर ते उडवून टाकावं लागलं. मग एप्रिल १९६८ ला २१२-२१३, ऑगस्टला २३८, आणि मग कुठे ऑक्टोबरला बेरेगोवॉय सोयुझ ३ मध्ये बसला आणि जिवंत परत आला.

लेखकाने चिडायचंच होतं तर अपघाताच्या आधीच्या गोष्टीवर चिडायचं. कोमारोव्हच्या आधी तीन रिकाम्या सोयुझ झाल्या होत्या. एकीचा ताबा सुटला, दुसरीचं लाँच पॅडवरच वाटोळं झालं, तिसरीच्या कवचाला भोक पडलं आणि ती अरल समुद्राच्या बर्फातून खाली बुडाली. तिन्ही नापास, आणि चौथीत माणूस!

आता मी एवढा का तापलोय ते सांगतो. आमच्या सोसायटीची लिफ्ट मध्यंतरी घसरत खाली आली, आतल्या आजींच्या पायाला प्लास्टर. मेकॅनिक आला, दिवसभर ठोकाठोक केली आणि मला म्हणतो, काका बसा, एक राउंड मारून बघू. म्हटलं तूच बस की. तर म्हणे मला पॅनल बघायचंय. वाळूची पोती ठेवून चालव म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले तुम्ही फार किचकिच करता, लोकांना ऑफिसला जायचंय. शेवटी वॉचमनला बसवला, त्याला कोण विचारतंय. मिनिट्समध्ये काय, तर 'लिफ्ट पूर्ववत सुरू'.

अमेरिकेच्या शटलचं तरी वेगळं काय होतं, १९८१ च्या पहिल्याच उड्डाणात दोघं आत. कोलंबिया शटलमध्ये कल्पना चावला गेली ती टाकीवरचा फोम निघून पंखावर आदळल्यामुळे, मग अडीच वर्षं दुरुस्ती केली आणि २००५ ला थेट सातजण बसवून पाठवले तर फोम परत निघाला! नशीब, यानाला लागला नाही. त्यापेक्षा रशियन बरे, १९७१ ला सोयुझ ११ चे तिघे दगावल्यावर त्यांनी आधी परत रिकाम्या सोयुझ उडवल्या, मग १९७३ ला दोघांनाच पाठवलं, तेही स्पेससूट घालून. आणि आपल्या गगनयानात आधी माणसाऐवजी व्योममित्रा हा रोबो जाणार म्हटल्यावर तुमच्याच पेपरात 'अजून किती वाट बघायची' म्हणून ओरड.

आणि हो, सोयुझच्या लेखाला फोटो शटलचा लावलाय. पंख दिसत नाहीत का कोणाला? मागेही एकदा चुकीच्या फोटोबद्दल लिहिलं होतं तर पत्रातला नेमका तोच भाग कापलात. यावेळी जागा कमी पडली तर राशिभविष्य कापा.

आपला,
एक वाचक, ठाणे