तुझ्या दाराची फळी

कोथरूड, पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेले नाही, याचे कारण आळस नसून तुझी फळी आहे. वाडा पाडताना माजघराच्या दाराची जी सागवानी फळी तू माझ्या हवाली केलीस, तिच्यावर सांगलीच्या घराची पाटी कोरायला घेतली आणि मी ती बिघडवली. कशी बिघडवली, ते घरात सांगून उपयोग नाही. सुनीता 'वाचता येतंय की' म्हणून मोकळी झाली. तुला मात्र पहिल्या दोन वाक्यांतच कळेल आणि तू हसशील, म्हणून तर इतके दिवस लिहिण्याचे टाळले.

धायरीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून मी जुने सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे यंत्र, घेतले. ज्याला तीस-अठरा म्हणतात तेच, ३०० बाय १८० मिलिमीटरचे. त्याचा प्रोजेक्ट संपल्यावर काही भाग दुसरीकडे लागले होते. त्यामुळे ते घरी आले तेव्हा पॉवर सप्लाय नव्हता, कोरणीचे टोक पकडणाऱ्या कॉलेटचा नट नव्हता, आणि ते टोक फिरवणारा स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या झेड अक्षाचा लीड स्क्रू, म्हणजे फिरून नट सरकवणारा आटेदार दांडा, त्याच्या नटासकट गायब होता. चोवीस व्होल्टचा सप्लाय तपकीर गल्लीत मिळाला. कॉलेट आधी नटात खट्कन बसवायचे आणि मगच नट स्पिंडलवर चढवायचा, नाहीतर ते आत अडकून बसते, हे मला ठाऊक होते. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे.

स्क्रूसाठी मी एक्स अक्षाच्या स्क्रूला व्हर्नियर लावले. व्यास ८ मिलिमीटर, शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर २ मिलिमीटर. दुकानदाराला एवढेच सांगितले आणि त्यानेही अगदी तसाच काढून दिला. शेजारी धरले तर जुळे भाऊ.

ओळखलेस ना? हॉस्टेलच्या गच्चीवर, पिच (शेजारच्या आट्यांमधले अंतर) आणि लीड (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) एकच, असे मी तावातावाने म्हणत होतो आणि तू शांतपणे, 'टोकाकडून बघ, किती आटे सुरू होतात ते मोज,' असे म्हणत होतास. त्या भांडणापायी आपण आठवडाभर बोललो नाही आणि तू मेसला आला नाहीस म्हणून तुझ्या वाटची शिकरण मी खाल्ली. परवा रात्री, तब्बल एवढ्या वर्षांनी, मी टोक बघितले. जुन्या, एक्सच्या स्क्रूला दोन आटे सुरू होतात, नव्याला चार. पिच दोन्हींकडे २ मिलिमीटर, पण एका फेऱ्यात जुना स्क्रू नट ४ मिलिमीटर सरकवतो आणि नवा ८. मोटरला हुकूम देणारा कंट्रोलर बिचारा जुन्याच हिशेबाने चालला होता: मोटरच्या फेऱ्याला २०० टप्पे, प्रत्येक टप्प्याचे १६ तुकडे, म्हणजे ३२००, त्याला ४ ने भागले की मिलिमीटरला ८००. नव्या स्क्रूला ४०० हवे होते. झेडच्या सेटिंग क्रमांक १०२ मधला एक आकडा, बस.

यंत्राने सुचवले नव्हते असेही नाही. वीज बंद असताना स्पिंडल बोटाने दाबला की सहज खाली येई, बाकीचे दोन अक्ष मात्र हटत नसत; मी ते तेल जास्त झाल्याचे लक्षण मानले. एक्स आणि वाय १०० मिलिमीटर चालवून पट्टीने मोजले. झेड मोजला नाही, कारण पट्टी उभी धरायला जागा नव्हती आणि, खरे सांगायचे तर, तुझी पाटी डोळ्यांपुढे दिसू लागली होती.

परिणामी ६० अंशांचे टोक १ मिलिमीटर जायचे ते २ मिलिमीटर गेले, आणि टोक निमुळते असल्याने खोलीबरोबर रेघही दुप्पट रुंद झाली. 'माजघर' या शब्दाची शिरोरेषा देखणी आली आहे. 'म'च्या गाठीत तांदळाच्या दाण्याएवढे लाकूड शिल्लक राहायला हवे होते, ते उडाले. 'घ'च्या दोन पोटांमधली कड कपचीसारखी निघाली. ती मी काडेपेटीत जपून ठेवली आहे. आकडा बदलून प्लायवूडवर पुन्हा चालवले, तर १ म्हटल्यावर १ च गेले.

माझी साखर आटोक्यात आहे. तुझ्या गुडघ्याचे काय झाले? मुक्ताच्या परीक्षेचे कळव, वहिनींना नमस्कार सांग.

आता फळीचे. रंधा मारून अडीच मिलिमीटर काढले तर कोरे लाकूड मिळेल, पण तुमच्या चार पिढ्यांच्या हातांनी आलेली ती काळपट झिलई जाईल. उलट बाजू घ्यावी तर मधोमध कोयंड्याचे भोक आहे आणि शेजारी मोडका खिळा आतच रुतला आहे. त्याच फळीच्या कडेचा भुसा सरसात कालवून अक्षरे बुजवता येतील, पण ठिगळ दिसेल. फळी तुझी आहे, म्हणून तू सांगशील तसे करीन; तुझे उत्तर येईपर्यंत रंध्याला हात लावत नाही.

तुझा,
सुहास

ता. क. शिकरण परत मिळणार नाही.