शार्पनेस आधी खाली आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ कॅमेऱ्यांची परीक्षणे हल्ली भरपूर येतात. त्यांत रिझोल्युशन किती आणि लॉग (उजेडाचा मोठा पल्ला सपाट चित्रात दाबून साठवण्याची पद्धत) आहे की नाही, या दोनच गोष्टींचा गजर असतो. चित्र हवे तसे का दिसत नाही, याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या कुणी न उघडलेल्या एका पानावर असते. सोनी त्याला पिक्चर प्रोफाइल म्हणते, पॅनासॉनिक फोटो स्टाइल किंवा सीन फाइल, तर कॅनन पिक्चर स्टाइल किंवा कस्टम पिक्चर. नावे वेगळी असली तरी आतली बटणे जवळपास तीच आहेत. ती कोणत्या क्रमाने फिरवायची, एवढ्याचसाठी हे पत्र.

‘सिनेमासारखे दिसू दे’ म्हटले की बहुतेकांचा हात आधी कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशनकडे जातो. तिथेच चुकते. पहिला हात डिटेलला, म्हणजे शार्पनेसला लागला पाहिजे, आणि तो खाली आणण्यासाठी. डिटेल वाढवल्याने लेन्सला जास्त बारकावे दिसू लागत नाहीत. कॅमेरा फक्त गडद आणि उजळ भाग जिथे भेटतात ती कड शोधतो आणि उजळ बाजूला आणखी उजळ, गडद बाजूला आणखी गडद अशी बारीक रेघ ओढतो. खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या काळ्या केसांची कड मोठ्या पडद्यावर जवळ जाऊन पाहा. केसांभोवती पांढरा दोरा चिकटवल्यासारखा दिसतो. आपण ज्याला ‘व्हिडिओसारखे दिसते’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा या दोऱ्याचा असतो.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. सावलीतला नॉइजही कॅमेऱ्याला कडांसारखाच दिसतो, म्हणून तोही टोकदार होतो. बारीक चौकडीच्या शर्टावर मॉयरेच्या, म्हणजे बारीक नक्षीतून उमटणाऱ्या खोट्या पट्ट्यांच्या, लाटा उठतात. आणि रेकॉर्डिंगचा बिटरेट (दर सेकंदाला साठवायची माहिती) ठरलेला असल्याने गवत, पाने, केस यांच्या या खोट्या रेघांवरच तो खर्ची पडतो. मग कॅमेरा हलला की चौकोनी ठोकळे दिसू लागतात. एडिटमध्ये शार्पनेस हवा तेव्हा चढवता येतो, पण एकदा रेकॉर्ड झालेली ती रेघ पुसता येत नाही.

यात एक फसगत आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. सोनीच्या पिक्चर प्रोफाइलमध्ये डिटेल -७ ते +७ असते आणि शून्य हा मधला आकडा आहे. म्हणजे शून्यावर डिटेल बंद नसते, चांगले मध्यम चालू असते. पॅनासॉनिकच्या लुमिक्समध्ये -५ ते +५ आहे, तिथेही तेच. कॅननच्या पिक्चर स्टाइलमध्ये मात्र ही पट्टी शून्यापासूनच सुरू होते, तिथला शून्य खरोखर तळ आहे. म्हणून आकड्याकडे पाहू नका, पट्टीचे टोक पाहा. आधी तळाला जा, दहा सेकंदांचा शॉट घ्या, मोठ्या पडद्यावर पाहा आणि गरज वाटली तर एकेक पायरी वर या. एडिट होणार नसलेल्या थेट प्रक्षेपणासाठी थोडे डिटेल ठेवलेले बरे. बाकी ठिकाणी तळाशीच राहावे. नॉइज रिडक्शनचे प्रमाण निवडता येत असेल तर तेही कमीवर ठेवावे. ते जास्त झाले की त्वचेची छिद्रे जातात आणि चेहरा मेणाचा होतो.

बाकीची बटणे फिरवण्याआधी सगळे ‘ऑटो’ बंद करावे: आयरिस (लेन्सचे छिद्र), गेन (सिग्नलची वाढ), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरे ठरवणे). सावल्या आपोआप उजळणारी सोयही बंद करावी. सोनीत ती डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर नावाने असते. ती चालू असेल तर तुम्ही ठरवलेला काळा रंग पुढच्या शॉटला कॅमेरा स्वतःच बदलू शकतो आणि आपण काय फिरवले ते कळेनासे होते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० ठेवावे. दिवे ५० हर्ट्‌झच्या विजेवर असतील तर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्‌झवर असतील तर १/६० किंवा १/१२०. नाहीतर चित्र लुकलुकते आणि तो दोष प्रोफाइलच्या माथी मारला जातो.

मग व्हाइट बॅलन्स. पांढरे कार्ड चेहरा जिथे असणार तिथेच धरावे. कॅमेऱ्याजवळ धरून भागत नाही, कारण तिथला प्रकाश वेगळा असतो. कार्डाने फ्रेमचा मधला भाग भरावा, ते जळू (पांढरेफटक होऊ) नये, आणि मगच व्हाइट घ्यावे. ३२०० आणि ५६०० केल्विन हे प्रीसेट टंगस्टन आणि दिवसाच्या उजेडासाठी आहेत. बऱ्याच एलईडी दिव्यांत हिरवट झाक असते आणि केल्विनचा आकडा कितीही फिरवला तरी ती जात नाही, कारण केल्विन फक्त निळा-पिवळा अक्ष हलवतो. हिरवा-मॅजेंटा हा वेगळा अक्ष आहे. त्यासाठी टिंट किंवा व्हाइट बॅलन्स शिफ्ट वापरावे लागते.

चित्राला ऊब हवी असेल तर ती सॅच्युरेशनमधून आणू नये. ५६०० च्या उजेडात कॅमेरा ६००० किंवा ६२०० वर ठेवावा. उजेड जरा निळा आहे असे समजून कॅमेरा पिवळेपणा वाढवतो, आणि सावल्यांपासून उजळ भागापर्यंत सगळीकडे ऊब सारखी पसरते. थंड चित्र हवे असेल तर उलट करावे.

एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवायचे. झेब्रा (ठरलेल्या उजेडाच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) ७० टक्क्यांवर लावला आणि चेहरा गोरा असेल, तर कपाळ आणि गालाच्या उंचवट्यावर जेमतेम पट्टे दिसले पाहिजेत. सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्यावर ते दिसता कामा नयेत. असा चेहरा वेव्हफॉर्मवर (चित्रातला उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) ४५ ते ५५ च्या आसपास शोभतो. त्याला ओढून ७० वर नेला की त्वचेची खोली जाते, रंग पिठूळ होतो आणि मागची भिंत जळते. उन्हात मॉनिटरवर विसंबू नका. तिथे चित्र अंधारे दिसते, हात आपोआप आयरिस उघडतो आणि सगळे शूट ओव्हर, म्हणजे जास्त उजळ, होते. वेव्हफॉर्म पाहा, नसेल तर हिस्टोग्राम (कोणत्या उजेडाचा भाग किती, ते दाखवणारा आलेख).

इथवर आल्यावरच गॅमाला हात लावावा. उजेडाचे आकड्यांत रूपांतर कोणत्या वक्रावरून होणार, ते गॅमा ठरवतो. रेक. ७०९ या एचडी व्हिडिओच्या मानकाच्या नेहमीच्या वक्रात १८ टक्के राखाडी कार्ड साधारण ४१ टक्क्यांवर बसते आणि वरचा उजळ भाग लवकर संपतो, म्हणून आकाश पांढरेफटक होते. सिने किंवा हायपर नावाचे गॅमा वरचा भाग हळूहळू दाबत नेतात. २००२ मध्ये आलेल्या पॅनासॉनिकच्या एजी-डीव्हीएक्स१०० या टेपवरच्या छोट्या कॅमेऱ्यात २४ फ्रेमच्या जोडीला सिनेलाइक गॅमा होता. आजच्या कॅमेऱ्यांतले सिनेलाइक डी आणि व्ही त्याच घराण्यातले. व्ही तयार दिसते. डी सपाट असते, पण थोड्या एडिटला वाव देते.

साध्या गॅमाबरोबर नी, म्हणजे फक्त उजळ भाग दाबणारी सोय, असते. तिला दोन आकडे आहेत: पॉइंट, म्हणजे दाबणे कुठून सुरू होणार, आणि स्लोप, म्हणजे किती दाबायचे. खिडकीबाहेरचे झाड दिसावे म्हणून पॉइंट ७५ पर्यंत खाली ओढतात आणि चेहऱ्याची वाट लावतात. कपाळाचा उजळ भाग नीच्या तावडीत सापडतो. त्वचेत लाल जास्त, म्हणून लाल आधी दाबला जातो, हिरवा त्याला गाठतो आणि कपाळावर पिवळट, प्लास्टिकसारखा डाग उमटतो. मेकअप चकाकतोय असे समजून लोक पावडर लावत बसतात, पण दोष नीचा असतो. पॉइंट त्वचेच्या वर, ८५ ते ९० च्या घरात ठेवावा. स्लोप फार सपाट केला तर पांढरा शर्ट पांढरा न राहता राखाडी कागद होतो. खिडकी फारच उजळ असेल तर आत एक दिवा वाढवावा किंवा माणसाला वळवून बसवावे. नीकडून तेवढे काम होणार नाही.

काळ्यासाठी दोन बटणे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. ब्लॅक लेव्हल सगळा पाया वर-खाली करते. ब्लॅक गॅमा फक्त सावल्यांचा भाग हलवते, पाया जागेवर ठेवून. ‘दाट काळा’ हवा म्हणून ब्लॅक लेव्हल उणे करत गेले की काळ्या कोटाच्या घड्या शून्याखाली जातात आणि परत येत नाहीत. दाटपणा ब्लॅक गॅमाने आणावा. पाया तपासण्याची सोपी रीत अशी: लेन्सला झाकण लावा आणि वेव्हफॉर्म पाहा. रेघ शून्यावर किंवा त्याच्या केसभर वर असली पाहिजे. दुधाळ, जुन्या फिल्मसारखे काळे हवे असेल तर ब्लॅक लेव्हल दोन-चार पायऱ्या वर न्यावी, मात्र त्याबरोबर नॉइजही वर येतो हे धरून चालावे.

रंग शेवटी. सॅच्युरेशन शून्यावरून थोडे खालीच न्यावे, कारण भडक लाल कापड किंवा निळ्या एलईडीचा एकच चॅनेल (लाल, हिरवा किंवा निळा) आधी भरतो आणि त्या जागी चुण्या, पोत काही उरत नाही, नुसते रंगाचे डबके राहते. कलर फेज शक्यतो हलवू नये. ते सगळ्या रंगांना एकदम फिरवते, त्यामुळे त्वचा सुधारायला जावे तर पाने बिघडतात. सोनीतले कलर डेप्थ एकेका रंगावर चालते. आकडा वाढवला की तो रंग गडद आणि खोल होतो. निळे आकाश दाट करायला ते सॅच्युरेशनपेक्षा कितीतरी चांगले. व्हेक्टरस्कोप (रंगाची दिशा आणि दाटपणा दाखवणारा गोल आलेख) असेल तर त्यावरची त्वचेची रेघ पाहावी. माणूस गोरा असो की काळा, त्वचेचा रंग त्याच रेघेच्या आसपास पडतो.

आता लॉगविषयी, कारण ‘लॉगमध्ये घ्या, बाकी एडिटमध्ये बघू’ हा सल्ला सरसकट दिला जातो. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये १८ टक्के राखाडी ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्के पांढरा ६१ टक्क्यांवर असतो. म्हणजे साध्या दृश्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्टीचा निम्म्याहून थोडा जास्त भागच मिळतो. ८ बिटमध्ये एकूण पायऱ्या २५६, त्यातल्या व्हिडिओ रेंजच्या १६ ते २३५. या अर्ध्यामुर्ध्या पायऱ्या एडिटमध्ये ताणल्या की साध्या भिंतीवर आणि आकाशात पट्टे पडतात. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या असतात, तिथे लॉग शोभतो. कॅमेरा ८ बिटचा असेल किंवा काम त्याच दिवशी द्यायचे असेल, तर सिने गॅमा घेऊन वरच्या पद्धतीने प्रोफाइल बसवावे, आणि त्यात काही कमीपणा मानू नये. लॉग घेतलाच तर त्याचा किमान आयएसओ (संवेदनशीलता) जास्त असतो, म्हणून उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. अंडर, म्हणजे कमी उजळ, घेतलेल्या लॉगच्या सावल्यांत नॉइज खच्चून भरतो, तेव्हा उजळ भाग जळू न देता एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) ओव्हर घेण्याची सवय ठेवावी.

दोन कॅमेरे जुळवायचे असतील तर सुरुवात पुन्हा डिटेलपासून. रंग जुळले तरी एकाच्या कडा टोकदार आणि दुसऱ्याच्या मऊ असतील, तर प्रत्येक कट डोळ्याला टोचतो. मग झाकण लावून काळे जुळवावे, राखाडी कार्डावर गॅमा, त्याच कार्डावर व्हाइट आणि शेवटी सॅच्युरेशन.

बटण काय करते ते शिकायला ते आधी दोन्ही टोकांना न्यावे. टोकाला दोष ठळक दिसतो, मग मधल्या पायऱ्या ओळखता येतात. एका वेळी एकच बटण, आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आकडा मोठ्याने माइकमध्ये बोलावा. जमलेले प्रोफाइल कार्डावर सेव्ह करता येत असेल तर करावे, नाहीतर पानाचा फोटो काढून ठेवावा. फर्मवेअर अपडेट केल्यावर ते पान उघडून पाहावे. सेटिंग मूळपदावर गेलेले असू शकते.

आपल्याला एक विनंती. कॅमेऱ्याच्या परीक्षणासोबत नमुन्याचे चित्र किंवा चित्रफीत देता, तिच्याखाली व्हाइट बॅलन्स, गॅमा, नी, ब्लॅक लेव्हल आणि डिटेल यांचे आकडे एका ओळीत छापावेत. डिटेल शून्यावर होते की तळाला, एवढे कळले तरी ते चित्र लेन्सचे आहे की मेन्यूचे, हे वाचकाला ठरवता येईल.

आपला,
व्हिडिओ चित्रीकरणाच्या व्यवसायातील एक वाचक