भिकूकाकांच्या आजाराविषयी, आई-बाबांना

फोंडा, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही रोज फोनवर "भिकूचं काय ठरलं?" म्हणून विचारता आणि मी विषय बदलते. ताईच्या घरी फोन स्पीकरवर असतो, मुलं आजूबाजूला असतात. काकांनी मला बजावलंय की हे फक्त तुम्हा दोघांना कळू दे. वाड्यावर ते अजून "लघवीचा थोडा त्रास" एवढंच सांगतात. तेव्हा आई, भिशीच्या ग्रुपवर यातलं अक्षरही जाऊ देऊ नकोस.

आता सगळं नीट लिहिते. काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्यात. रक्तातला पीएसए, म्हणजे याच ग्रंथीतून रक्तात येणारं एक प्रथिन, ९.२ आला. चारच्या वर गेला की डॉक्टर सहसा पुढच्या तपासण्या बघतात. नुसती ग्रंथी वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी तो वाढतो, म्हणून एवढ्यावरून काही ठरत नाही. मग एमआरआय झाला, मग बायोप्सी. बारा तुकडे काढले, त्यांतल्या चारांत कॅन्सर निघाला. रिपोर्टात लिहिलंय ग्लीसन ३+४=७. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडल्यात त्यावरून हा आकडा देतात. सहा म्हणजे सर्वांत सौम्य, दहा म्हणजे सर्वांत आक्रमक. काकांचा सात, पण त्यात आधी तीन आहे, म्हणजे जास्त भाग सौम्य. हाच सात ४+३ असा आला असता तर डॉक्टर वेगळं बोलले असते. स्कॅनमध्ये ग्रंथीबाहेर काही दिसलं नाही. ही खरंच चांगली बातमी आहे आणि ती मी काकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण "कॅन्सर" ऐकल्यावर पुढचं काही त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डॉक्टर कोकणीतून इतकं समजावून सांगत होते, काका मान हलवत होते, आणि परतताना गाडीत मला विचारलं, "कितें म्हणलें गो ताणें?"

म्हणून आता मी वही घेऊन बसते आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करते. रात्री काका-काकी दोघं ते शांतपणे ऐकतात. काकांच्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान वाटतो. "डॉक्टर म्हणतील तसं" एवढंच ते म्हणतात. पण बाबा, इथं डॉक्टरांनीच सांगितलंय की रस्ते तीन आहेत आणि तिन्ही योग्य आहेत, तुम्ही ठरवा. असं कधी कोणी विचारलेलं नाही त्यांना आयुष्यात. घाबरलेत ते याच गोष्टीला, आजाराइतकेच.

पहिला रस्ता लक्ष ठेवण्याचा. उपचार लगेच नाही, पण दर सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय आणि बायोप्सी, आणि आजार पुढं सरकतोय असं दिसलं की उपचार. दुसरा ऑपरेशनचा, सगळी ग्रंथी काढायची. तिसरा रेडिएशनचा. ७ मधला सौम्य प्रकार असल्यामुळं सोबत हॉर्मोनची इंजेक्शनं बहुतेक लागणार नाहीत, असं रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं. ती इंजेक्शनं पुरुषी हॉर्मोन दाबतात. अंगातून वाफा येतात, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. काकांना मधुमेह आहे, त्यामुळं ती टळली तर बरंच.

बाबा, तुम्ही काकांना सांगताय की "काढून टाक आणि मोकळा हो". तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऑपरेशननंतर पुन्हा काही उगवलं तर रेडिएशन देता येतं, पण आधी रेडिएशन घेतल्यावर ऑपरेशन करणं फार अवघड जातं. हे मी काकांसमोर मांडलं आहे. पण ऑपरेशन झालं की विषय संपला असं मात्र नसतं. पीएसएची तपासणी पुढं वर्षानुवर्षं चालू राहते आणि काहींना नंतर रेडिएशन लागतंच. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, प्रोटेक्ट नावाचा. ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले, काहींवर नुसतं लक्ष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले तिन्ही गटांत साधारण शंभरातले तीनच, किंवा त्याहून कमी. फरक दुसरीकडे होता. लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरलेले शंभरात नऊच्या वर निघाले, इतर दोन्ही गटांत पाचच्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांतल्या सुमारे ६१ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. अभ्यासातल्या बऱ्याच जणांचा आजार काकांच्यापेक्षा सौम्य होता, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे काकांना लावता येणार नाहीत. पण एवढं नक्की कळतं की आज घाबरून उद्या टेबलावर झोपायची गरज नाही. शिवाय बायोप्सीची सूज उतरावी म्हणून सर्जनसुद्धा सहसा काही आठवडे थांबतातच. चवथीनंतर, म्हणजे गणपती झाल्यावर, ठरवलं तर चालेल का, हे मी स्पष्ट विचारलं आणि डॉक्टर हो म्हणाले. ते ऐकल्यावर काका पहिल्यांदा पोटभर जेवले, असं काकी सांगत होत्या.

खरा प्रश्न काकांनी डॉक्टरांना विचारलाच नाही, मला विचारला. "भजनाक बसपाक मेळटलें न्ही म्हाका?" चवथीच्या दिवसांत घरोघरी पेटी घेऊन जाणं, एकेका ठिकाणी दोन-दोन तास मांडी घालून बसणं, हे त्यांचं सगळं आयुष्य आहे, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? मलाही पेटीवर पहिला सारेगम त्यांनीच शिकवला. म्हणून हा प्रश्न मी वहीत सगळ्यात वर लिहिला आणि दोन्ही डॉक्टरांसमोर वाचून दाखवला. ऑपरेशननंतर एक-दोन आठवडे लघवीची नळी असते आणि ती काढल्यावर लघवी गळते. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी शंभरात ४६ जण पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७. रेडिएशनच्या गटात सहा महिन्यांनी पाच आणि सहा वर्षांनी चार. ओटीपोटाच्या खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून केले तर लवकर ताबा येतो. रेडिएशनमध्ये त्रास शौचाच्या बाजूला जास्त. वारंवार जावं लागतं, कधी रक्त पडतं, आणि ते काहींना बऱ्याच उशिरानं होतं. शिवाय साधारण चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जायचं, तेही दर वेळी मूत्राशय भरलेलं ठेवून. फोंड्याहून तासभराच्या प्रवासानंतर पोहोचायचं, तिथं पाणी प्यायचं आणि वाट बघत बसायचं. गाडीची काळजी करू नका, ती मी आणि शेजारचा मुलगा वाटून घेऊ.

आता एक गोष्ट लिहिते, ती मुलीनं वडिलांना लिहावी की नाही असं क्षणभर वाटलं, पण तुम्ही दोघंही समजून घ्याल. या उपचारांनी नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो. ऑपरेशननंतर जास्त आणि लगेच, रेडिएशननंतरही होतोच. लक्ष ठेवलेल्यांतही वयानं ती क्षमता कमी होत जाते, आणि सहा वर्षांनी तीन गटांतलं अंतर बरंच घटलेलं असतं. डॉक्टरांनी हा विषय काढला तेव्हा काकांनी मला "पाणी घेऊन ये" म्हणून बाहेर पाठवलं. मी गेले. पण मग काकींना आत पाठवलं. काकींना यातलं कोणी काहीच विचारलं नव्हतं, आणि त्यांना विचारायचं होतं. बाहेर आल्यावर दोघंही बराच वेळ गप्प होते, पण एकमेकांच्या शेजारी बसून गप्प होते. आई, तू काकींना एकटीलाच फोन कर. काकांची चौकशी नको, त्यांची कर. त्या रात्री झोपत नाहीत आणि कोणाला सांगत नाहीत.

बाकी सल्ल्यांना तोटा नाही. काकांचा दुबईचा मुलगा रोज म्हणतो, बेंगळूरला जाऊन रोबोटनं करून घ्या. त्याची तळमळ मला कळते, लांब असल्यावर माणसाला काहीतरी मोठं करावंसं वाटतं. पण रोबोटपेक्षा तो चालवणारा हात महत्त्वाचा, त्यानं अशी किती ऑपरेशनं केलीत हे विचारायला हवं, आणि हे त्याला मी शांतपणे सांगितलं. त्याला हेही सांगितलं की वडिलांना हा आजार झाला की मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दुपटीनं वाढते, तेव्हा पुढं त्यानंही आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. काकांचे मेव्हणे झाडपाला आणून देतात. त्यांच्याशी मी भांडत नाही, पण कुठलीही पूड डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, एवढं काकांकडून कबूल करून घेतलंय. काही औषधांनी ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबत नाही.

पैशांचं तुम्ही विचारलं होतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. घरात तिघं किंवा कमी असतील तर वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. काका-काकी दोघंच, म्हणजे अडीच. कुठला उपचार कुठल्या हॉस्पिटलात त्यात बसतो ते आधी काउंटरवर लेखी विचारून घेणार आहे. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा हॉस्पिटलात जायचं काकांच्या मनात आहे. मला ते पटतं. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक सोबत न्यावे लागतात, तिथं ते पुन्हा तपासतात, आणि ३+४ खरंच ३+४ आहे का यावरच तर पुढचं सगळं ठरतं. मडगावहून कोकणकन्या गाडीनं संध्याकाळी निघालं की सकाळी दादर.

काकांचा कल मला रेडिएशनकडे दिसतो, पण मी तो बोलून दाखवलेला नाही आणि माझं मतही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन. बाबा, तुमच्या शब्दाला त्यांच्या मनात फार किंमत आहे, माझ्यापेक्षा, मुलापेक्षाही. म्हणूनच विनंती करते. तुम्ही "काढून टाक" म्हणालात तर ते काढून टाकतील, आणि उद्या लघवी गळायला लागली तर हा निर्णय आपला नव्हता असं त्यांना आयुष्यभर वाटत राहील. त्यांना विचारा, तुला कशाची भीती वाटते? आणि मग ऐका. तुम्ही चाळीस वर्षं त्यांच्या पेटीला तबल्याची साथ केलीत, चाल तेच धरायचे. अधूनमधून आजार सोडून नाटकांचं, मंगेशीच्या जत्रेचं बोला. गुरुवारी रात्री साडेनऊनंतर ते मोकळे असतात, तेव्हा स्पीकर बंद करून गॅलरीत जाऊन फोन करा.

तुम्ही स्वतःची पीएसए करून घेऊ का असं विचारलंत. लॅबच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून उगाच करू नका. सत्तरीनंतर सरसकट ही तपासणी नको, अशी अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य तज्ज्ञांच्या गटाची २०१८ ची शिफारस आहे. पण तुम्ही रात्री तीन-तीनदा उठता, म्हणजे तुमची गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी बघायला हवं. बहुतेक वेळा असं उठणं साध्या वाढलेल्या ग्रंथीमुळं असतं. आईच्या गुडघ्याच्या टाक्यांसाठी हॉस्पिटलात जाल तेव्हाच युरॉलॉजीत नंबर लावा. आणि तुम्ही घेता ती प्रोस्टेटची गोळी कुठली आहे ते दाखवा, कारण काही गोळ्यांनी पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो आणि डॉक्टरांना ते माहीत नसेल तर आकडा फसवतो. गोळ्यांची पट्टी पाकिटात ठेवा, नाव आठवणार नाही तुम्हाला.

आई, गुडघा वाकवायचे व्यायाम चुकवू नकोस.

तुमची,
वसू